सोळा मोकळा ठेवा

माझ्या दाजींच्या घरी बैठकीच्या खोलीत गप्पा मारायला बंदी होती. आलेल्याने तिथे फक्त आपलं नाव सांगायचं, कोणाशी बोलायचंय ते सांगायचं, आणि मग दोघांनी उठून स्वयंपाकघरात जायचं. पाव्हणे गोंधळत. दाजी गंभीरपणे समजावत, "बैठक म्हणजे सोळा नंबर. सोळा मोकळा ठेवा."

दाजी जामनेरचे, माझ्या अक्काचे यजमान. समुद्र त्यांनी एका सहलीत पाहिला तेवढाच. पण निवृत्त झाल्यावर छोटी फायबरची होडी घेतली, जहाजांवर असतात तसले हातातले दोन वायरलेस घेतले, रीतसर परीक्षा देऊन परवाना आणला, आणि दर रविवारी जवळच्या धरणात उतरू लागले. होडीचं नाव ‘तापी’. दुसरा वायरलेस काठावर बाभळीखाली खुर्ची टाकून बसलेल्या अक्काच्या मांडीवर. रविवारपुरतं अक्काचं नाव ‘किनारा’.

चॅनल सोळावर फक्त हाक मारायची. उत्तर आलं की दोघांनी बहात्तरवर जाऊन काय ते बोलायचं. उत्तर नाही आलं, तर गप्प राहायचं. कारण सोळा संकटातल्या माणसासाठी.

आम्ही नरडाण्याचे, अहिराणी बोलणारे. अक्काची बोली जामनेरला येऊनही बदलली नाही. "बठ्ठा धरणमा दोनच वायरलेस शेतस, दोन्ही आपलाच," ती म्हणे. "कोन ऐकस?"

"कुणी बुडत असेल तर?" दाजी विचारत. "त्याला बोलायला जागा नको?"

एकदा मी होडीत बसलो. धरणाच्या मध्यावर दाजींनी वल्ही ठेवली, टोपी सरळ केली. "किनारा, किनारा, किनारा. ही तापी. ओव्हर." बाभूळ बोटाएवढी दिसत होती, आणि दाजींच्या तळहातातून अक्का अगदी कानाशी बोलली. आयुष्य पुस्तकांत गेलेला मी, असं काही वाचलंही नव्हतं.

मग बहात्तरवर दाजींनी विचारलं, डब्यात काय आहे?

"भरीत."

"ओव्हर म्हण. म्हणजे मला कळेल, माझी पाळी."

"भरीत, ओव्हर."

सकाळी वांगी दाजींनीच भाजली होती.

यंदा अक्का गेली. दाजींचं बोलणंच थांबलं. घरात कुठल्याच खोलीत नाही. रविवारी मात्र होडी निघे. सोबतीला म्हणून मी बाभळीखाली, तिच्याच खुर्चीत बसे. मांडीवरच्या वायरलेसमधून हाक येई, "किनारा, किनारा, किनारा." ते नाव तिचं होतं. माझा अंगठा बटणापर्यंत जाईना. मग उन्हं कलेपर्यंत एक शब्द नाही. त्या सगळ्या पाण्यावर माझ्याशिवाय ऐकणारं कुणी नव्हतं. तिच्याशी काहीही बोलता आलं असतं त्यांना. पण उत्तर आलं नव्हतं, म्हणून दाजी बोलत नव्हते. सोळा मोकळा ठेवत होते. मी थक्क होऊन होडीच्या लांबवरच्या ठिपक्याकडे बघत राही.

गेल्या रविवारी हाक आली आणि मी बटण दाबलं.

"किनारा ऐकतोय. बहात्तरवर या, दाजी. ओव्हर."

मी बहात्तर लावला. बराच वेळ नुसतं होडीच्या बुडाला लागणारं पाणी ऐकू येत होतं. पलीकडे बटण दाबलेलं होतं.

"डब्यात काय आहे?" दाजींनी विचारलं.

"खिचडी. खाली लागलीय जरा. ओव्हर."

पुन्हा पाणी.

"येतो," दाजी म्हणाले, आणि लांबवर होडीचं तोंड वळलं.