खुंटीवरची टोपी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या न्हाव्याचाही बसला नव्हता, आणि तो तर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उरलेल्या चार केसांना ‘चांगले दाट आहेत’ म्हणणारा माणूस.

त्याच्याच खुर्चीत, तोंडाला फेस फासलेला असताना मी त्याला ही गोष्ट सांगितली.

“सांगा काका, पण झोपू नका,” तो वस्तऱ्याला धार लावत म्हणाला. “मागच्या खेपेला बोलता बोलता घोरायला लागलात. मान कलली असती तर तुमच्याबरोबर माझंही दुकान बंद झालं असतं.”

“झोपतोय कसला? अंगावर काटा येईल, ऐक.”

तर मी डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यात मुख्य मिस्त्री होतो. माझी पावलं वाजली की यंत्रं आपोआप सुरू व्हायची आणि मी खाकरलो की बंद पडायची. त्या कारखान्यात मालकानं नवं यंत्र आणलं. डबे वाफेवर शिजवायची टाकी. आडवं पोलादी पिंपच ते, पण केवढं? हत्ती आत जाऊन निजला असता आणि त्याला कूस बदलायला जागा उरली असती. डब्यांच्या ढकलगाड्या आत सारायच्या, गोल दार लावायचं, दारावरचं चाक फिरवून आवळायचं आणि वाफ सोडायची. दार उघडायचं ते बाहेरूनच. आतून ना कडी ना खटका. डब्यांना बाहेर यायची घाई नसते, तेव्हा बनवणाऱ्यानं ती सोयच ठेवली नव्हती.

यंत्र चालू करून द्यायला कंपनीनं इंजिनियर पाठवला, तो निघाला माझा जावई! लग्न नुकतंच झालेलं. लेकीच्या नव्या संसारातली पातेली अजून काळी व्हायची होती. पोरगा हुशार आणि अतिशय अदबशीर. मी शिंकलो तरी उठून उभा राहायचा.

आता आमच्याकडे एक शिस्त होती. कारखान्यात सगळ्यांच्या डोक्याला पांढरी टोपी, केस डब्यात जाऊ नयेत म्हणून. जो टाकीत शिरेल त्यानं ती टोपी दाराशेजारच्या खुंटीवर अडकवायची. खुंटीवर टोपी असली की आत माणूस आहे, वाफेला हात लावायचा नाही. खुंटी रिकामी, की खुशाल सोडा. इतकं सोपं, की वाफेच्या तोटीवर बसणारा आमचा भोंगा (कुजबुजला तरी चार गल्ल्यांत ऐकू जायचं, म्हणून भोंगा) त्यालाही ते कळायचं.

त्या दिवशी पहिली चाचणी. वाटाणे नाहीत, डब्यांत नुसतं पाणी. जेवणं झाली आणि जावई टाकीतले सांधे बघायला आत शिरला. अगदी मागच्या टोकाला गेला. बाहेर भट्टीसारखा उकाडा आणि आत पोलाद गार. टेकला, तो डोळा लागला.

“इंजिनियर? पहिल्याच दिवशी? कामावर?” न्हाव्यानं विचारलं.

“शिकलेली माणसं कुठंही झोपतात. पुढं ऐक.”

खुंटीवर टोपी होतीच. पण शेजारच्या खिळ्यावर भोंग्याचं तेलकट फडकं, आणि त्याचा कोपरा टोपीला लागत होता. मनात आलं, काय हे! आपल्या घरच्या माणसाची टोपी अशा जागी? नातं नवं, मान राखायला हवा. टोपी उचलली, झटकली, घडी केली आणि ऑफिसातल्या कपाटात नेऊन ठेवली. शिस्त आठवली का? नाही आठवली. मान राखायच्या भरात माणसाला काहीही आठवत नाही.

इकडे हमालांनी गाड्या आत सारल्या. गाड्यांच्या भिंतीमागे कोण निजलंय ते त्यांना काय दिसणार? दार लागलं. चाक आवळलं.

“खुंटी बघ रे,” मालक म्हणाले.

“रिकामी आहे मालक,” भोंगा म्हणाला आणि त्यानं वाफ सोडली.

मग आतून आवाज आला. ठक. ठक ठक.

“हे काय वाजतंय?” मालक.

“नवं यंत्र आहे,” भोंगा म्हणाला. “वाफ पोटात गेली की पोलाद अंग मोडून घेतं. जुन्याला पण सुरुवातीला गॅस व्हायचा.”

सगळे हसले. ठक ठक ठक ठक.

न्हाव्याचा हात थांबला. मी गळ्याभोवतीचा टॉवेल सैल केला.

आत काय होत असेल सांगू? आधी वाटतं, कुणीतरी थट्टा करतंय. हाक मारावी तर आपलीच हाक चहूकडून अंगावर येते. डोळे उघडे की मिटलेले, कळत नाही. हात पुढे केला तर गाडीची जाळी लागते. मग पायाकडून फुस्स करून आवाज येतो, आणि आधी बरं वाटतं, उबदार. मग तळवे चटकायला लागतात. चप्पल काढून तिनंच जाळी बडवावी, तर बाहेर माणसं हसताना ऐकू येतात. ते हसणं फार वाईट. देवाचं नाव घ्यावं तर ते सुचत नाही. डोळ्यांपुढे एकदम लेक येते. लहानपणी अंधाराला भ्यायची, आणि आपण तिला म्हणायचो, वेडे, अंधार काय चावतो का? चावतो. पोरीला उगाच खोटं सांगितलं, आणि आता तिला खरं सांगायलाही कोणी जायचं नाही, असं वाटतं.

“मग?” न्हावी हळूच म्हणाला.

मग काय, बाहेर मी! मला आठवली टोपी. पायांचं पाणी झालं, पण त्याच पाण्यातून पोहत मी टाकीशी पोचलो. वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघितलं, काटा नुसता चढत होता. भोंग्याला एका ढुशीत आडवा केला. तो पडला तो थेट डब्यांच्या ढिगावर, आणि डबे गडगडत गेले ते शेजारच्या गावापर्यंत. वाफ बंद केली. वाफ बाहेर सोडायची तोटी उघडली, तशी कोंडलेली वाफ अशी सुटली की मालकांच्या पीळदार मिशा सरळ होऊन गळ्यापर्यंत लोंबल्या. चाक तापून लाल. हातानं धरवेना. शेवटी दातांनी फिरवलं.

“दातांनी.”

“तेव्हा होते. दार उघडलं, ढकलगाड्या एका लाथेत बाहेर, आणि मागून जावई बाहेर आला. टोमॅटोसारखा लाल, एका पायात चप्पल, अंगावरच्या कपड्यांना अशी कडक इस्त्री झालेली की वर्षभर परीट लागला नाही. माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, मामा, तुम्ही होतात म्हणून वाचलो. मी म्हटलं, जावईबापू, घरी बोलू नका. लेक घाबरेल.”

मी थांबलो. शाबासकीसाठी थांबायचं असतं तिथंच थांबलो.

न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुचकळला, पुसला, आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

“काका, जावयाचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं ना?”

“नुकतंच.”

“मग आत अंधारात त्याला लेक कुठली आठवली?”

अर्ध्या गालावर फेस असताना उठून जाता येत नाही. मी आरशातली नजर काढून छताकडे लावली. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

“म्हणजे मान राखायला टोपी उचलली ती जावयानं,” न्हावी म्हणाला, “आणि टोपी होती तुमची. हं, हनुवटी वर करा. आणि काका, आता तरी झोपू नका.”