टोफूचं धावतं समालोचन

येडगावात गेनभाऊंच्या घरी टोफू शिजत असला की ते साऱ्या आळीला कळतं. वासावरून नव्हे, टोफूला वास जवळजवळ नसतोच. कळतं ते गेनभाऊंच्या आवाजावरून.

"कढई तापलेली हाय मंडळी. तेलानं जागा धरलेली हाय. आलं आन् लसूण, जोडी तयारीत. मधी कुनी येऊ नका, लेकरं मागं घ्या. आन् सुटली जोडी. लसूण पुढं, आलं मागं, लसूण पुढं..."

स्वयंपाकघरात त्या वेळी लेकरं नसतात. गेनभाऊ असतात, दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी इंदूवहिनी असतात, आणि आठवड्यातून एकदा शेजारी म्हणून मी असतो.

गेनभाऊ बैलगाडा शर्यतींचे निवेदक. जुन्नर-आंबेगावात शर्यतीच्या चढत्या धावपट्टीला घाट म्हणतात, आणि घाटावर माईक लागतोच. बैल सुटतात आणि बघता बघता वर पोचतात. दोन गाड्यांमधला वेळ मात्र लांब असतो आणि तो कुणीतरी बोलून भरावा लागतो. गेनभाऊंनी उभं आयुष्य तो भरला. त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमत नाही, आणि समोर काही घडत असताना गप्प बसणं तर त्याहून जमत नाही.

एकदा नारायणगावहून येताना त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरच्या ओव्हरटेकचं वर्णन सुरू केलं. ड्रायव्हरला ते इतकं मानवलं की त्यानं आणखी दोन उसाचे ट्रॅक्टर मागे टाकले. कंडक्टरनं गेनभाऊंना उठवून शेवटच्या सीटवर नेऊन बसवलं. तिथून त्यांनी मागे राहिलेल्या ट्रॅक्टरांचं वर्णन केलं.

त्यांचा एक नियम आहे. "घाटात झालं तेच बोलायचं. बैल फिरला तर फिरला म्हनायचं, मग तो कुनाचा का आसंना." एका यात्रेत खुद्द यजमानांची जोडी अर्ध्यातून वळून उसात शिरली. गेनभाऊंनी ती कोणत्या बांधावरून, कुणाच्या उसात आणि किती खोल शिरली ते माईकवरून सांगितलं. त्या दिवशी त्यांना जेवायला कुणी बोलावलं नाही. मी पुण्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी केलेली असल्यामुळे हा नियम आणि त्याचा हा परिणाम, दोन्ही मला परिचयाचे होते. गेनभाऊ मला 'बातमीदार' म्हणतात.

टोफू त्यांच्या घरात आला तो वहिनींची नजर गेल्यानंतर. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. नंतर एकदा वहिनींच्या पदराला गॅसची झळ लागली, तेव्हा चाकणला नोकरी करणाऱ्या मुलीनं येऊन आईला शपथ घातली की शेगडी पेटलेली असताना जवळ जायचं नाही. वहिनी खुर्चीत बसल्या आणि स्वयंपाक गेनभाऊंकडे आला.

आधी त्यांनी पिठलं केलं, मग आमटी, मग मासवडीही करून पाहिली. तीन महिने गेले आणि एके दिवशी मुलीच्या मोबाइलवर त्यांना मापो टोफू दिसला. हा चिनी पदार्थ. सोयाबीनच्या दुधाचं पनीर, पातळसर लाल रस्सा, बेतानं तिखट, आणि खाली भात. व्हिडिओतली बाई मुकाट्यानं रांधत होती. फक्त हात दिसत होते आणि सुरीचा आवाज येत होता.

"बाई नुसतीच करती," गेनभाऊ मला म्हणाले. "येक शबूद नाय. घाट भरलाय आन् निवेदक नाय, आसं कुठं आसतंय का राव?"

पदार्थ स्वस्त पडतो. सोयाबीन त्यांच्या शेतातलंच. ते रात्रभर भिजवायचं, मिक्सरवर वाटायचं, जुन्या पंच्यातून दूध गाळून घ्यायचं, उकळून लिंबू पिळायचं आणि फुटलेलं दूध पंच्यात बांधून वरवंट्याखाली दाबायचं. राहिलेल्या चोथ्यातला मूठभर ते खिम्याऐवजी परतून रश्शात घालतात, उरलेला गाय खाते. मूळ कृतीत वालासारख्या दाण्यांची आंबवलेली लाल चटणी लागते. ती गेनभाऊंनी एकदा घरी आंबवली. त्या बरणीबद्दल घरात बोललं जात नाही. हल्ली ते भिजवलेल्या लाल मिरच्या लसणाबरोबर वाटतात आणि नारायणगावच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून बाटलीभर सोया सॉस आणतात.

जीभ बधिर करणारे चिनी मिरे लागतात, त्यांच्या जागी तिरफळ. ते घाटघरचा एक बैलवाला नाणेघाटाखालून, कोकणातून, आणून देतो. पोलीस पाटलांनी पहिल्यांदा हा रस्सा खाल्ला. मग त्यांनी आरसा मागितला आणि जीभ जागेवर आहे का ते पाहिलं.

गावाचं मत प्रतिकूल होतं. शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या, "गोठ्यात दुभती गाय, आन् हे शेंगांचं पनीर करत्यात. गाय काय म्हनंल?"

माझंही मत प्रतिकूल होत गेलं, पण कारण वेगळं होतं. गेनभाऊंचा टोफू दर वेळी बिघडलेला असे, आणि दर वेळी नव्या तऱ्हेनं. एकदा मीठच नव्हतं. एकदा रस्सा शिऱ्याइतका गोड होता. एकदा तिरफळ इतकं होतं की मला घरी जाऊन चहाचीही चव कळली नाही. मी भात जास्त घेऊन निभावून नेत असे. वहिनी ताटातलं सगळं संपवत आणि म्हणत, "बरं झालंय."

ही वहिनींची जुनी ख्याती नव्हे. येडगावातच काय, पलीकडच्या चार गावांत इंदूवहिनी पदार्थाला नावं ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. लग्नातले आचारी त्या पंगतीला आहेत का याची आधी चौकशी करत. नवी नवरी म्हणून आल्यावर त्यांनी आठवडाभरात सासूच्या मासवडीला सारण कमी असल्याचं सांगितलं. सासूनं महिनाभर अबोला धरला आणि नंतर सारण वाढवलं. गेनभाऊंच्या चहाला त्या 'रंगीत पानी' म्हणत. गेनभाऊ हे सगळं घाटातल्या विक्रमांसारखं सांगतात.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी जरा लवकर पोचलो. गेनभाऊ कढईपाशी होते, वहिनी खुर्चीत. गेनभाऊंनी मला चमच्यावर रस्सा दिला. तो उत्तम होता. मीठ बरोबर, तिखट बेताचं, तिरफळ जिभेला जेमतेम कळेल इतकं. मी तसं म्हणणार, तोच समालोचन पुढे सुरू झालं.

"आता साखर. चवीपुरती चिमूट. येकच चिमूट मंडळी, जास्त नाय."

आणि डोळ्यांदेखत त्यांनी डब्यात हात घालून साखरेची मूठ भरली आणि कढईत सोडली.

यजमानाचा बैल उसात गेला तर तो उसातच गेला म्हणणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

जेवण झालं. वहिनींनी त्या पाकातला टोफू संपवला. "तिकडं आसंच खात आसतील," त्या म्हणाल्या. गेनभाऊ चोथ्याची पाटी घेऊन गोठ्याकडे निघाले. मी मागे गेलो.

"मुद्दाम बिघडवता?" मी विचारलं.

"मग काय करू?" ते गाईपुढे चोथा टाकत म्हणाले. "पिठलं केलं, बरं झालंय. आमटी केली, बरं झालंय. मला काय कळत नाय व्हय, माझी आमटी कशी व्हती ते? म्हनलं, कायतरी उफराटं करू. चिनी करू. ह्याला तरी म्हनंल, हे काय आनलंय ताटात. तर बरं झालंय. म्हनून मीठ बंद केलं. तर म्हनती, तिकडं मीठ खात नसतील." ते थांबले. "बातमीदार, पावनं कसं जेवतंय, म्हाईत हाय ना? वाढलेलं समदं खातंय, चांगलं म्हनतंय, हात धुतंय. तशी जेवती ती. सोताच्या घरात."

गाईनं चोथा संपवला. गेनभाऊंनी पाटी झटकली.

"येकदा शिव्या घातल्या पायजेत तिनं," ते म्हणाले. "येकदा."

दोन आठवड्यांनी गेनभाऊ पीठ आणायला गिरणीत गेले होते तेव्हा मी वहिनींना विचारलं, टोफू खरंच आवडतो का.

"भाऊजी, हातानं करत व्हते तवा बोलायची," त्या म्हणाल्या. "आता आयतं खाते. करून घालनाऱ्याला आयतं खानाऱ्यानं नावं ठिवू नाय."

मला आता दोन्ही बाजू ठाऊक होत्या. यातलं काही मी एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही; ते माझं काम आहे असं मला वाटलं नाही. गेनभाऊंनी नंतर टोफू वेडावाकडा कापून पाहिला, भात गच्च शिजवून पाहिला, एकदा सोया सॉसऐवजी काकवी घातली. समालोचन प्रत्येक वेळी निर्दोष असे. वहिनी संपूर्ण ताट खात होत्या आणि बारीक होत चालल्या होत्या. मुलीनं फोनवर विचारलं तर दोघंही म्हणत, जेवण व्यवस्थित आहे.

यात्रा जवळ आली तशी एका दुपारी यात्रा कमिटीची दोन माणसं मोटारसायकलवरून आली. गेनभाऊंनी नुकतंच तेलात आलं-लसूण सोडलं होतं आणि जोडी सुटल्याचं जाहीर केलं होतं. बाहेरून हाक आली.

"गेनभाऊ, हायेत का घरात? औंदा माईक तुमीच धरायचा. गेल्या वरसी ते पोरगं आनलं व्हतं, त्याला बैल दिसायच्या आत गाडा वर पोचायचा."

गेनभाऊ उलथणं हातात घेऊनच बाहेर गेले. अंगणातून त्यांचा आवाज येऊ लागला. नव्या पोरांचं निवेदन, स्पीकरची शिट्टी, मागच्या वर्षी कुणाचा गाडा बाद झाला आणि तो का व्हायला नको होता. विषय मोठा होता.

इकडे लसूण पिवळा झाला, मग तांबडा. मी शेगडी बंद करायला उठणार, तेवढ्यात वहिनींनी मान वर केली. त्यांनी एकदा हुंगलं. मग खुर्चीचा हात धरून त्या उठल्या, पदर गुंडाळून कमरेला घट्ट खोचला, भिंतीवरून हात सरकवत ओट्याशी आल्या, बटण चाचपलं आणि गॅस बंद केला. मी नुसता उभा राहिलो.

"अवो," त्यांनी हाक मारली. मोठ्यानं नाही, पण अंगणातला आवाज थांबला.

गेनभाऊ दारात आले. त्यांच्यामागे कमिटीची दोन माणसं.

"लसूण करपला," वहिनी म्हणाल्या.

गेनभाऊ शेगडीशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहत राहिले.

"मुद्दाम बिघडवलेलं खाल्लं म्या इतके दिवस. आमचा मानूस रांधतोय, म्हनलं, खा. हे खरंच बिघडलंय. हे नाय खायची."

"मुद्दाम कोन..." गेनभाऊंनी सुरुवात केली.

"चिमटी गेली तर साखरेचा डबा बोलत नाय. मूठ गेली की बोलतो. जलमभर माझा हात व्हता त्यात, मला नका सांगू."

कमिटीतला एक जण खोकला. वहिनींनी ओट्यावर हात फिरवला, ताटलीतला टोफूचा एक तुकडा उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही बोटांत तोलले.

"आन् हे काय? कापलंय का फोडलंय? येक शेंगदान्याएवढा, येक विटंएवढा. येकदम शिजंल कसं हे? बारका विरघळंल, मोठा आतून गार ऱ्हाईल. भाऊजी गरीब हायेत म्हनून खात्यात."

मी ओट्यापासून बाजूला झालो.

"कढई घासा. तेल नवं घ्या. आच मी सांगते."

"गेनभाऊ, तारखेचं तेवढं..." मागून कमिटीचा माणूस म्हणाला. गेनभाऊंनी वळून न पाहता हात वर केला. ती दोघं बाहेर जाऊन ओसरीवर बसली.

गेनभाऊंनी कढई मोरीत ठेवली, पण नळ सोडला नाही.

"आनखी?" त्यांनी विचारलं.

"आनखी काय, मागल्या टायमाला भात गच्च. त्याच्या आदी काकवी. काकवी घालतंय व्हय कुनी लसनात?"

"आनखी?"

वहिनींनी हातातले दोन्ही तुकडे ताटलीत ठेवले. त्यांच्याकडे बरंच साठलेलं होतं, आणि त्या एकेक सांगू लागल्या.