फलाट क्रमांक दोनचे अध्यक्ष

"फलाट क्रमांक दोन! फलाट क्रमांक दोन! शुगर-बीपीवाले समदे दोन नंबरवर लागा! एक्स-रे सुटाले पाच मिनिटं! ओ मामा, तुमी कुठं निंगाले? तुमची गाडी लागून राह्यली नं!"

थांबा, हा बसस्टँड नाही. हे आमचं ग्रामीण रुग्णालय आहे. आणि बाकावर उभे राहून, दोन्ही हातांचा भोंगा करून जे ओरडताहेत, ते आमच्या भागाच्या आरोग्य मंडळाचे अध्यक्ष, दिगंबरकाका. उभी हयात एसटीत कंट्रोलर होते. साहेबांनी माणूस निवृत्त केला, आवाजाला कागद द्यायचा राहूनच गेला.

काका ओरडले की पांढरकवड्याच्या हायवेवर हैदराबादचे ट्रक ब्रेक मारतात. केळापूरची कबुतरं उडतात ती थेट आदिलाबादेत उतरतात. खोटं वाटत असेल तर आदिलाबादेत जाऊन बघा, निम्मी कबुतरं वऱ्हाडीत घुमतात. मी या मंडळाचा चिटणीस, वर काकांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. म्हणजे माझे दोन्ही कान सरकारजमा.

अध्यक्ष झाल्याच्या दिवशीच काकांनी दवाखान्याच्या दारांवर फलाटांचे आकडे रंगवून घेतले. मग ठराव मांडला, की पेशंटचं नाव तीनदा पुकारल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. एकदा मराठीत, एकदा बंजाऱ्यांच्या बोलीत, एकदा कोलामीत.

"काका, असं तर अंधार पडेल," सिस्टर म्हणाल्या.

"पडू द्या नं बाई. लाइटचं बिल काय तुमी भरता? तीनदा म्हंजे तीनदा. एसटीचा नियम हाय."

मी जन्मभर एसटीनं फिरलो. असा नियम मला कुठे भेटला नाही. पण काकांना कोण सांगणार?

आणखी एक. ओपीडी चालू असेपर्यंत काका चहाला शिवत नाहीत. कोणी कप पुढे केला तर साप दाखवल्यासारखे मागे सरतात. "चहापायी जागा सोडली का प्रवासी चुकते," एवढंच बोलतात. शिवाय शेवटचा पेशंट गेला की सगळे बाक वाकून वाकून बघतात, कोणी राहिलं तर नाही. काकू गेल्यापासून घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून वेळ काढत असतील, असं मी आपलं समजत होतो.

एकदा तर गंमतच झाली. ढाणकीला जायला निघालेले एक आजोबा रस्त्यावरून जाताना "फलाट दोन" ऐकून पिशवीसकट आत आले आणि रांगेत बसले. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला. आजोबांना वाटलं, एसटीनं नवीन तपासणी काढली असेल. बीपी इतकं चढलं होतं, की यंत्रानं माफी मागितली. दोन दिवस ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या, मग काकांनी स्वतः नेऊन ढाणकीच्या गाडीत बसवलं. आजोबा अजून गावभर सांगतात, "त्या स्टँडवर सोय लय चांगली हाय. फक्त गाडी लवकर लागत नाही."

असा सगळा आनंदीआनंद असताना काकांची मुदत संपली. नवा अध्यक्ष निवडायला जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी मॅडम यायच्या होत्या. काकांसमोर उभे होते आमचे वकीलसाहेब. त्यांच्याकडे कोट, लॅपटॉप आणि खोकला, तिन्ही इंग्रजी होते. त्यात मॅडमनी आधीच पत्रानं कळवलं होतं, की दवाखान्यात आरडाओरडा बंद करा. भिंतीवर नंबरांचा फलक लागेल, तोवर सिस्टरनी हळू आवाजात बोलावावं.

ते पत्र मी वाचून दाखवलं, तसे काका एकदम लहान दिसायला लागले.

"खुर्ची गेली तं जाऊ दे गड्या. पण पुकारणं गेलं तं कसं होईन? ज्याले आकडाच वाचता येत नाही, त्याले तो फलक म्हंजे भिंतच नं!"

मुलाखतीच्या दिवशी काका जुना खाकी शर्ट कडक इस्त्री करून आले. मॅडमच्या हातात छापील कागद होता, वर लिहिलेलं, 'अध्यक्षपदासाठी आवश्यक नेतृत्वगुण'.

"दूरदृष्टी?" मॅडमनी विचारलं.

"हाय जी. मोतीबिंदू काढला. आता फाटकापासूनचा पेशंट दिसते."

वकीलसाहेब इंग्रजीत खोकले.

"निर्णयक्षमता?"

"टायम झाला का गाडी सोडाची. मंत्र्याचा साळा येऊन राह्यला म्हनून थांबवाची नाही."

"संवादकौशल्य?"

काका तोंड उघडणार, तोच बाहेरून सिस्टरचा आवाज आला, अगदी पत्रात सांगितल्यासारखा मऊ. "लक्ष्मी टेकाम." उत्तर नाही. लगेच पुढचं नाव.

काकांची खुर्ची मागे उलटली.

"थांबवा! गाडी थांबवा!"

मॅडमच्या हातातला पेन उडाला. काका दारातून गोळीसारखे सुटले, मी मागे, माझ्यामागे मॅडम. "लक्ष्मी टेकाम!" मराठीत. मग बंजारा बोलीत. तिसऱ्यांदा कोलामीत अशी हाक घातली, की औषधखोलीतल्या बाटल्या एकमेकींना बिलगल्या. आणि मागच्या नळावरून एक बाई धावत आली. कडेवर लेकरू, हातात ओली पट्टी. ताप उतरेना म्हणून फडकं भिजवायला गेली होती. काकांनी लेकराच्या कपाळाला हात लावला आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला.

"डॉक्टरसाहेब, याले पहिले!"

डॉक्टरांनी लेकरू लगेच आत घेतलं. तापाचा आकडा ऐकून वकीलसाहेब खोकायचे विसरले.

काका घाम पुसत परत आले, खुर्ची सरळ केली, बसले. "हां म्याडम, तिसरा सवाल कोनता होता?"

मॅडमनी कागदाकडे बघितलं, मग काकांकडे. "तिसरा झाला," त्या म्हणाल्या. "फलक लावू. पण पुकारणंही राहू द्या, अध्यक्षसाहेब. तीनदा."

दुपारी लेकरू आईच्या मांडीवर बिस्कीट कुरतडत बसलं होतं. सगळे बाक रिकामे झाल्यावर मी काकांना ओढतच टपरीवर नेलं. मी नाचायचाच बाकी होतो! टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, अध्यक्षांचा चहा, मलई मारून! आणि त्या भरात विचारलं, "काका, आता खरं सांगा. तीनदाचा नियम एसटीत कुठे आहे?"

काकांनी हातातला कप बाकावर ठेवला.

"तुह्या काकूले घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलतो, शहरात. तिले कमी आयकू ये. बाकावर बसवलं अन् मी चहा आनाले गेलतो. आलो तं ती तिथंच बसून होती. सांजेपर्यंत बसून राह्यलो आमी."

"म्हणजे नाव पुकारलंच नाही?"

"पुकारलं," काका म्हणाले. "एकदा."