काकांना काढायचंय!

मुलांचं कार्टून लिहायला प्रतिभा लागत नाही, अकरा पत्ते लागतात, असं काका छातीठोकपणे सांगत. आणि छाती ठोकायचा त्यांना पूर्ण हक्क होता. गिरकी नावाच्या खारीचे एकशे नव्व्याण्णव भाग त्यांनी एकट्याने लिहिले होते, आणि सगळे त्याच अकरा पत्त्यांवर!

हे पत्ते स्टुडिओत त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर ओळीने टाचलेले होते. एक नंबर: शेवटी सगळं होतं तसं होतं. तीन नंबर: वेषांतर. म्हणजे लांडगेराव नुसती मिशी लावून येतात आणि आख्ख्या जंगलात त्यांना कोणी ओळखत नाही. सात नंबर: गिरकी दाराआडून अर्धवट बोलणं ऐकते आणि भलताच अर्थ काढून पळत सुटते. नऊ नंबर: सगळे मिळून गुपचूप एखादी गंमत ठरवतात. अकरा नंबर: सगळे कमरेवर हात ठेवून हसतात आणि भाग संपतो. स्टुडिओत तर आता नुसत्या आकड्यांतच बोलणं चाले. "काका, या आठवड्यात काय?" "तीन, सात, अकरा!" बाहेरच्या माणसाला वाटावं, हे लोक लॉटरी चालवतात.

एका रविवारी काका जेवत होते आणि समोर टीव्हीवर गिरकी सात नंबरात सापडून रानोमाळ पळत होती. काकांची आठ वर्षांची लेक घास तोंडात तसाच धरून म्हणाली, "बाबा, ही दरवेळी पळते का? आत जाऊन विचारत का नाही?"

"कारण ती कार्टून आहे!" काका हसले. "माणसाला अक्कल असते. मी असतो ना, तर दार उघडून सरळ विचारलं असतं, काय हो, काय चाललंय?"

"नक्की?" बायकोने विचारलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तिने उगाच नाही विचारलं.

"शंभर टक्के!" काका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा भात घेतला.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ते पाण्याची बाटली भरायला निघाले. वाटेत मीटिंगची खोली लागते. दार किंचित उघडं होतं आणि आतून दिग्दर्शिकाबाईंचा आवाज येत होता. हा आवाज लांडगेरावांनाही घाम फोडणारा. बाई म्हणत होत्या, "ते काही नाही. काकांना काढायचंय! शुक्रवारपर्यंत. आणि त्यांना कळता कामा नये."

काकांचा पाय जमिनीला चिकटला.

"काढतो की," हा आवाज मुख्य चित्रकाराचा. तो काढतो कमी आणि पुसतो जास्त, म्हणून त्याला सगळे खोडरबर म्हणत. "पण बाई, पोटाचा प्रश्न आहे हो त्यांच्या."

"पोट थोडं कमी कर. आणि वयाचं काही दाखवू नकोस, वाईट वाटेल त्यांना."

"बरं. मग बुधवारी कच्चं काढतो, आणि शुक्रवारी एकदम पक्कं."

काकांच्या पायाखालची फरशी सरकली. कच्चं म्हणजे तोंडी, पक्कं म्हणजे लेखी! त्यांचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेला. कालचं वाक्य आठवलं. दार उघडायचं, सरळ विचारायचं. दार नुसतं ढकलायचं होतं. पण हात पुढे जाईना. मग काय झालं ते त्यांचं त्यांनाच नीट कळलं नाही, पण रिकामी बाटली छातीशी धरून, चवड्यांवर, गुडघे वर उचलत उचलत ते परत जागेवर आले. अगदी गिरकीसारखे! ही चाल त्यांनी स्वतः लिहिली होती, एकशे नव्व्याण्णव वेळा.

घरी आल्यावर त्यांनी दार लावलं आणि जाहीर केलं, "मला काढणार आहेत."

"कोण म्हणालं?"

"मी कानांनी ऐकलं."

"मग विचारलंस का?"

काकांनी टीव्हीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. लेक खाली पालथी पडून खडूंनी वहीत काहीतरी रंगवत होती, तिच्याकडेही बघितलं. मग हळूच म्हणाले, "विचारलं आणि बाई 'हो' म्हणाल्या तर?"

यावर बायको जरा नरमली. काका एक्कावन्न वर्षांचे होते. त्यांना मोटार चालवता येत नव्हती, हिशेब जमत नव्हता, दुसऱ्या कुठल्या प्राण्याची गोष्टही त्यांनी कधी लिहिली नव्हती. त्यांना फक्त गिरकी येत होती, आणि गिरकीवर त्यांचा जीव होता. कोणा उपऱ्याने तिच्या तोंडी वाक्यं घालायची, या कल्पनेनेच त्यांना भडभडून येत होतं.

"अरे, पण काढायचंय म्हणजे काय काढायचंय?" बायकोने समजुतीच्या सुरात विचारलं.

"काढायचंय म्हणजे काढायचंय! त्याला काय दहा अर्थ असतात?"

"असतात की. दात काढतात, सहल काढतात, गळा काढतात. तू आत्ता काढलायस तो."

"चित्र काढतात," खालून लेक म्हणाली.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये!" काका ओरडले.

मंगळवार नुसता उसासे टाकण्यात गेला. बुधवारी कच्चं काढणार होते. ते आपल्याला समोर बसवून काढणार की पाठीमागे, हे कळायलाच हवं होतं. मीटिंगच्या खोलीच्या कोपऱ्यात गिरकीचा भलामोठा पोशाख उभा करून ठेवलेला असे. शाळांमधून कार्यक्रम असला की कोणीतरी तो घालून नाचायचं. केसाळ, दोन माणसं मावतील एवढा, मागे कपाटाएवढी शेपटी. काकांनी आजूबाजूला पाहिलं, आत शिरले आणि चेन ओढून घेतली. तीन नंबर! बघायला गिरकीच्या नाकपुडीचं तेवढं एक भोक होतं. त्यातून त्यांना फक्त टेबलाचा एक पाय दिसत होता.

बाई आणि खोडरबर आत आले. कागदांची सळसळ झाली.

"नवा कसा वाटतोय?" खोडरबरने विचारलं.

नवा! आपल्या जागेवर माणूसही बघून झाला! काकांचे कान पोशाखाच्या आत टवकारले.

"अगंबाई! कासव आहे अगदी!" बाई खुदकन हसल्या. बाई हसतात हे काकांना चार वर्षांत माहीत नव्हतं. "पण गोड आहे हो. मुलांना आवडणार. फक्त त्याला फार बोलायला देऊ नकोस. बोलायला लागला की थांबायचा नाही."

"नुसता दाराशी उभा ठेवतो."

म्हणजे नवा माणूस हळू काम करणारा, वर बडबड्या, आणि तरी तो गोड! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काही दुःखाने आणि काही धुळीने, कारण तो पोशाख वर्षभर कोणी झटकला नव्हता. मग व्हायचं तेच झालं. ते दणकून शिंकले.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"उंदीर झाले असतील आत," खोडरबर म्हणाला. "थांबा, औषध मारतो."

आणि त्याने फवाऱ्याची नळी बरोबर गिरकीच्या नाकपुडीत घातली! काकांनी श्वास कोंडला, दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. झुरळंसुद्धा एवढ्या निर्धाराने मरत नसतील.

ती दोघं गेल्यावर काकांनी चेन खाली ओढली. चेन हलेना. जोर लावला, तर चेनीची जीभच हातात आली. आता हाक मारली तर काय सांगणार? म्हणून ते तसेच मागच्या जिन्याने उतरले आणि घराकडच्या बसमध्ये चढले. बसमध्ये कोणी फारसं दचकलं नाही, एवढं मात्र त्यांना लागलं. एक आजीबाई फक्त म्हणाल्या, "शेपटी जरा आत घे गं, माणसं अडखळतायत."

घराचं दार लेकीने उघडलं आणि ती किंचाळली, "आई! गिरकी आपल्याकडे आली!"

"चेन उघड," गिरकी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

बायकोने पक्कड आणली. अर्धा तास खटपट करून तिने नवऱ्याला खारीतून मोकळं केलं, त्याच्या केसांतली धूळ झटकली आणि एवढंच म्हणाली, "अजून विचारलं नाहीस ना?"

पण काका आता विचारण्याच्या पलीकडे गेले होते. ते सुडाला पोचले होते. दोनशेवा भाग अजून लिहायचा होता ना? लिहितो! सगळा गुरुवार त्यांनी दात-ओठ खात लिहिलं. अकरातला एकही पत्ता घेतला नाही. त्या भागात शाळेच्या मुख्य घुबडबाई गिरकीला जंगलातून काढून टाकतात. गिरकी ट्रंक भरते, अडीच पानांचं भाषण करते, "एकशे नव्व्याण्णव भाग मी तुमच्यासाठी धावले, आणि तुम्ही कासवं आणलीत!" आणि कायमची निघून जाते. घुबडबाई चिखलात पडतात आणि "सगळी चूक माझीच!" असं ओरडत गळ्यापर्यंत बुडतात. घुबडबाईंना त्यांनी चष्माही दिला. बाईंचा होता तसाच, लाल काड्यांचा.

शेवटची चार वाक्यं लिहिताना ते रडले. गिरकीला जाताना बघवत नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी तो भाग बाईंना न दाखवता परस्पर वाहिनीच्या साहेबांना पाठवून दिला आणि पक्कं काढून घ्यायला इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत हजर झाले.

"काका, जरा मीटिंगच्या खोलीत या," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

काका ताठ मानेने आत गेले. खोलीत अंधार होता. अचानक दिवे लागले आणि पंचवीस माणसं एकदम ओरडली. समोरच्या पडद्यावर एक कासव हलत होतं. टक्कल, मिशी, छातीशी पाण्याची बाटली, आणि पोट थोडं कमी केलेलं.

"दोनशेव्या भागात तुम्हाला काढलंय!" खोडरबर आनंदाने नाचत म्हणाला. "कासवकाका! पाच दिवस काढतोय! पोट चार वेळा पुसलं!"

नऊ नंबर! आख्खा नऊ नंबर, त्यांच्या स्वतःच्या भिंतीवरचा! काकांना आधी हसू आलं, मग रडू आलं. इतकं प्रेम आपल्यावर कोणी करतंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि मग तिसरं काहीतरी आठवलं आणि ते पांढरेफटक पडले.

नेमका तेव्हाच बाईंचा फोन वाजला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अभिनंदन!" वाहिनीचे साहेब म्हणाले. "दोनशेवा भाग आला, वाचला. नेहमीसारखाच झालाय. मंजूर!"

काका हे ऐकून सुटले असं तुम्हाला वाटेल. पण लेखक माणूस! त्यांच्या काळजात कळ आली. नेहमीसारखाच? ट्रंक, अडीच पानांचं भाषण, आणि नेहमीसारखाच? साहेबांनी एकशे नव्व्याण्णव भागांतलं एक तरी पान उलटलं होतं की नाही?

"कोणता भाग?" बाई फोन ठेवत म्हणाल्या. "मला न दाखवता पाठवलात? बघू."

आणि त्यांनी तो तिथेच उघडला. उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला लागल्या. ट्रंकेपर्यंत खोलीत हशा होता. भाषणाला तो थांबला. चिखलाला बाईंनी डोळ्यांवरचा लाल काड्यांचा चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत घातला आणि "सगळी चूक माझीच" हे वाक्य अगदी सावकाश वाचलं.

"काका," त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

काकांनी सगळं सांगितलं. दार, बाटली, पोटाचा प्रश्न, उंदराचं औषध, बस. सांगता सांगता ते स्वतःच इतके केविलवाणे झाले की आधी खोडरबर फुटला, मग सगळेच. पंचवीस माणसं कमरेवर हात ठेवून हसत होती. अकरा नंबर! फक्त बाई हसत नव्हत्या.

"सोमवारी सकाळपर्यंत नवा भाग हवा," त्या म्हणाल्या. "गिरकी कुठेही जाणार नाही. घुबडबाईंचा चष्मा जाईल. नाहीतर खोडरबर, काकांना काढ!"

"काढतो," खोडरबर म्हणाला आणि मग थबकला. "बाई, कोणत्या अर्थाने?"

"ते सोमवारी सांगते."

सोमवारी भाग पोचला. त्यात तीन होता, सात होता, नऊ होता, आणि शेवटी सगळं होतं तसं झालं.

महिन्याभराने तो टीव्हीवर लागला तेव्हा घरची तिघं जेवायला बसली होती. पडद्यावर कासवकाका बाटली घेऊन एका दाराशी आले, अर्धवट बोलणं ऐकलं, दचकले, आणि चवड्यांवर गुडघे उचलत पळत सुटले. लेकीने घास तोंडात तसाच धरला.

"बाबा, हे कासव आत जाऊन विचारत का नाही?"

बायकोने वरण वाढायचं थांबवलं. दोघी काकांकडे बघत होत्या, दोघींचे हात कमरेवर जायच्या बेतात होते.

"कार्टून आहे ना ते," काका पुटपुटले, आणि भरलेली बाटली पुन्हा भरायला आत निघून गेले.