ओढून बघणाऱ्या वाघमारे मॅडम

साडी कितीही आवडली तरी वाघमारे मॅडम आधी तिचा रंग बघत नाहीत. पदर दोन्ही मुठींत धरतात आणि ओढतात. पिंपरी कॅम्पातला एक दुकानदार रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "ताई, साडी आहे ती, दोरखंड नाही!"

"नेसणार मीच ना? मग बघू द्या की," मॅडम म्हणाल्या. मी सोबत होते. शेजारच्या चपलांच्या दुकानात जाऊन तोंड लपवलं.

भेंडीचं टोक सगळेच मोडून बघतात. मॅडम भाजीच्या पिशवीचे बंदसुद्धा ओढून बघतात.

चाकणला आमच्या कंपनीत त्यांचं कामच ते. स्टीलच्या पावडरीचा एकेक थर लेझरने वितळवून आम्ही पंपाचे भाग छापतो. हो, छापतोच. त्याच स्टीलच्या कांड्या मॅडम मशीनच्या जबड्यात धरतात आणि तुटेपर्यंत ताणतात. "मोडल्याशिवाय मी सही करत नसते बघा!"

मागच्या वर्षी शिंदे सर मॅनेजर म्हणून आले. छापलेला माल पाठवण्याआधी भट्टीत तापवायचा असतो, म्हणजे वेळ जाणार, आणि त्यांना तो शनिवारीच पाठवायचा होता.

"मॅडम, आकडे बघा. न तापवलेलं स्टील जास्त भार घेतंय. भट्टीत घालून आपण उलट ते मऊ करतोय!"

"खरंय," मॅडम म्हणाल्या. "या, बसा."

त्यांनी दोन कांड्या ओढल्या. न तापवलेलीने बराच भार सोसला, जेमतेम लांबली आणि खाडकन तुटली. तापवलेली कमी भारालाच लांबायला लागली. लांबतच राहिली, मध्ये बारीक झाली, मग कुठे तुटली.

"पंपाला धक्के बसणार, सर. मला ही दुसरी पाहिजे."

माल भट्टीत गेला, शनिवार हुकला. आठवडाभर सरांनी मॅडमकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडम मात्र रोज दारातूनच ओरडायच्या, "गुड मॉर्निंग, सर! भट्टी मजेत आहे!"

अखेर माल जायचा दिवस आला. सर सहीसाठी लॅबमध्ये आले, तर चेहरा पांढराफटक.

"काय होतंय?"

"काही नाही, मॅडम. ॲसिडिटी."

"जेवलात कधी?"

सर आठवायला लागले. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवली.

"मीटिंग आहे हो माझी."

मॅडमनी फोन उचलला. "शिंदे सर टेस्टिंगला लागलेत. तासभर सोडता यायचे नाहीत."

मला हसू फुटलं. सरही ओशाळं हसले आणि खाली मान घालून खायला लागले. त्यांच्यासाठी पाणी ओतता ओतता मॅडम म्हणाल्या, "आमचे हे एका कारखान्यात प्रेस शॉपला होते, पत्रा दाबायच्या मशीनवर. दोन महिने छातीत दुखत होतं. घरी येऊन हसायचे. मीपण कधी खोदून विचारलं नाही."

सरांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी डाव्या हाताने बायकोला फोन लावला. "अगं, आज मला डॉक्टरकडे नेशील?"

मॅडमनी उरलेली भाकरी त्यांच्याकडे सरकवली. चहा पिऊन येते म्हणाल्या, पण कँटीनपर्यंत गेल्याच नाहीत. लॅबबाहेरच्या बाकावर एकट्याच बसून राहिल्या.