मॅनेजरला हाक

तळेगाव दाभाड्यातले आमचे शेजारी उस्मानभाई उंदरांचे पिंजरे बनवून विकतात. पिंजरा गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते एक सूचना करतात. "सापडला की आदी 'मॅनेजर' म्हणून हाक मारा. मंग काय करायचं ते करा."

गिऱ्हाइकं हसतात. आंबीच्या कारखान्यांतले कामगार जरा जास्तच हसतात.

मॅनेजर हा उस्मानभाईंनी पाळलेला उंदीर. पिल्लू असताना तो पत्र्याच्या तुकड्यांत सापडला, शेपटीचं टोक तुटलेला. स्वतः काही न करता दिवसभर दुसऱ्याच्या कामावर फिरत राहायचा, म्हणून हे नाव. उस्मानभाईंची बायको वारलेली, मुलगी पवनानगरला सासरी. जेवताना ते मॅनेजरशी बोलत आणि भाकरी करपली की त्यालाच विचारत, "तुजं लक्ष कुटं व्हतं?"

पुढे आठवडे बाजारात त्याला काम मिळालं. पिंजरा खरंच चालतो का, असं कुणी विचारलं की उस्मानभाई आकड्याला शेंगदाणा लावत. मॅनेजर त्यांच्या खिशातून उतरून आत जाई. दार पडे. तो दाणा खाऊन दाराकडे तोंड करून स्वस्थ बसे. मग उस्मानभाई दार उचलत आणि तो परत खिशात जाई. पिंजरे खपू लागले. शेजारच्या भांडीवाल्यानं टोमणा मारला, की हा तर आपल्याच भाऊबंदांना धरून देतो. मॅनेजर म्हटल्यावर ते आलंच, असं उस्मानभाईंनी त्याला ऐकवलं.

अशात उस्मानभाईंच्या वरच्या खोलीत कुसुममावशी भाड्यानं राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी एक पिंजरा नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुशीत खाली आल्या. मी तेव्हा तिथेच होतो.

"भाऊ, तुमचा पिंजरा लय भारी. उंदीर पण काय गरीब! तुटक्या शेपटीचा. धडपड न्हाई, काय न्हाई. दाराकडं बघत बसलेला. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवला, तवा कुटं हलला."

उस्मानभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली. पिंजरा चांगला चालला हे बरं झालं, असं म्हणाले. मावशींना त्यांनी तेव्हा काही सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

त्यानंतर काही आठवडे ते बाजारात गेले नाहीत. परत जाऊ लागले ते ही सूचना घेऊनच. कित्येक वर्षं मला वाटे, तो गेला हे त्यांना पटलेलंच नाही आणि ते अजून त्याला शोधतात. परवा मी त्यांना सांगितलं, की तो तेव्हा वाचला असता तरी उंदीर इतकी वर्षं जगत नाही.

"मेलाय त्यो. मला म्हाईत हाय," तार वाकवत ते म्हणाले.

मग हाक कशासाठी, असं मी विचारलं.

"मावशीला त्याचं नाव म्हाईत असतं, तर तिनं बुडवला नसता."

नव्या पिंजऱ्याचं दार त्यांनी पाडून पाहिलं. आकड्याला लावायला घेतलेला शेंगदाणा बोलता बोलता खिशात टाकला.