तोडणकरांची मागची सीट

गजानन तोडणकर मोटारसायकलवरून ठाण्याला जात, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक बसथांब्यावर थांबत. थांबत म्हणजे वेग कमी करीत, असे नव्हे. पुढची बस थांबली की हे तिच्यामागे डावा दिवा लावून थांबत, डावा पाय जमिनीला टेकवीत, उतरणारे उतरेपर्यंत आणि चढणारे चढेपर्यंत समोर पाहत राहत, आणि कंडक्टरने दोनदा घंटी दिली की बसबरोबर निघत. थांब्यावरचा एखादा घाईतला मनुष्य विचारी, ‘‘काका, शीळफाट्यापर्यंत सोडता?’’ तोडणकर हेल्मेटमधून उत्तर देत, ‘‘मागची सीट राखीव आहे.’’ मागची सीट डोळ्यांदेखत रिकामी असे.

या गृहस्थांविषयी आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत अनेक कथा प्रचलित आहेत. त्या पसरविण्याचे कार्य आमचे सेक्रेटरी सामंत निष्ठेने करतात. मी बत्तीस वर्षे जमीनमोजणी खात्यात काढली आहेत. हद्दीचा दगड वीतभर सरकला की सख्ख्या भावांची डोकी फुटतात, हे मी पाहिले आहे. त्यामुळे हकिगत वीतभर सरकलेली मला खपत नाही. सामंतांची तर प्रत्येक हकिगत दोन एकरांनी सरकलेली असते. म्हणून हे लिहिणे आले.

तोडणकर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात बॉयलर सांभाळीत. नोकरी सुटली, बॉयलर सुटला नाही. जगातील यच्चयावत घडामोडींवर त्यांचे एकच भाष्य असे : ‘‘आधी प्रेशर बघा.’’ सामंतांच्या मुलीला स्थळ आले तेव्हा हे म्हणाले, ‘‘मुलाकडच्यांचं प्रेशर बघा, मग होकार द्या.’’ गच्चीवरची टाकी गळू लागली, प्रेशर बघा. पंतप्रधान परदेशी गेले, प्रेशर बघा. एकदा वार्षिक सभेत मी कोषाध्यक्षांना चार खडे शब्द सुनावले, तर हे मागून सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, ‘‘यांचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेलाय.’’ मी त्यांच्याशी सात महिने बोललो नाही. आठ महिने असे सामंत सांगतात, ते चूक आहे.

तोडणकर बोलत तेव्हा ऐकणाऱ्याची त्यांना फारशी गरज नसे. याच स्वभावातून ती पेट्रोल पंपाची घटना घडली. सामंतांच्या कथेप्रमाणे तोडणकर बायकोला पंपावर विसरले आणि शीळफाट्यावर त्यांच्या लक्षात आले. हे साफ खोटे आहे. शीळफाट्यावर त्यांच्या काहीही लक्षात आलेले नव्हते.

खरी हकिगत मला खुद्द तोडणकरांनी सांगितली. तोडणकरवहिनी टेंभी नाक्याजवळ बायकांचा शिवणवर्ग घेतात. आठवड्यातून तीन दिवस तोडणकर त्यांना मोटारसायकलवरून पोहोचवीत. त्या दिवशी काटई नाक्याच्या अलीकडच्या पंपावर ते पेट्रोल भरायला थांबले. वहिनी रीतीप्रमाणे उतरून बाजूला उभ्या राहिल्या. टाकी भरली, झाकण लागले, आणि तोडणकर निघाले. त्या वेळी ते जुन्या बॉयलरमधील एका गळतीचे वर्णन करीत होते. शीळ गेले, मुंब्रा गेले, कळवा गेले; वर्णन चालू होते. ‘‘त्या दिवशी ही मधे एकदाही बोलली नाही,’’ ते मला म्हणाले. ‘‘मला वाटलं, हिला विषय आवडला.’’ टेंभी नाक्यावर गाडी उभी करून ते म्हणाले, ‘‘उतर, आलं.’’ मागे कोणी नव्हते.

ते तसेच उलट फिरले. पंपावर जाऊन विचारले, ‘‘इथं आमची मंडळी ठेवलेली.’’ पंपावरच्या मनुष्याने शांतपणे सांगितले, ‘‘त्या नाक्यावर जाऊन बसने गेल्या.’’ वाटेत कुठेतरी ती बस आणि ही मोटारसायकल एकमेकींसमोरून गेल्या असल्या पाहिजेत.

वहिनी भांडल्या नाहीत. सामंतांच्या कथेतली फेकलेली कढई कपोलकल्पित आहे. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘यापुढे मी तुमच्या मागे बसणार नाही.’’ तोडणकरांनी प्रेशर पाहिले असावे. कारण ते म्हणाले, ‘‘बरं. मग मी तुझ्या मागे राहतो.’’

तेव्हापासून वहिनी बसने जाऊ लागल्या आणि तोडणकर बसच्या मागे. पाच वर्षे.

त्याच बसने मीही जात असे. ठाण्यातील एका परिचिताच्या कचेरीत जुने मोजणी नकाशे लावून देण्याचे काम मी हौसेने करतो. वहिनी मानपाड्याला मागच्या बाजूच्या खिडकीपाशी बसत आणि शेजारच्या जागेवर शिवणाची पिशवी ठेवीत. मी गुडघेदुखीचा मनुष्य, तरी उभा राहत असे. एक दिवस मी म्हटले, ‘‘वहिनी, पिशवीला बसायला जागा आणि माझ्यासारख्या शहात्तर वर्षांच्या माणसाला नाही?’’

‘‘माणूस यायचाय,’’ त्या म्हणाल्या.

ठाणे आले तरी माणूस आला नाही. पुढच्या खेपेसही नाही. आठवडाभराने मी कंडक्टरकडे रीतसर तक्रार केली. तो म्हणाला, ‘‘आजोबा, मी काय करू? त्यांनी दोन तिकिटं काढल्येत.’’ शिवणाच्या पिशवीचे तिकीट काढणारी बाई मी जन्मात प्रथमच पाहिली. मस्ती, दुसरे काय, असा निष्कर्ष मी काढला आणि तो चार लोकांत बोलूनही दाखविला.

अशात शीळ रस्त्याच्या डाव्या कडेला पिवळा पट्टा मारण्यात आला आणि तो केवळ बससाठी आहे, असे फलक लागले. पहिल्या दिवशी पट्ट्यात बस होत्या. दुसऱ्या दिवशी मोटारसायकली होत्या. तिसऱ्या दिवशी मोटारसायकली इतक्या झाल्या की बसने नाइलाजाने बाहेरून जाणे पसंत केले. पाणीपुरी विकणारा, नळदुरुस्तीवाला, दिव्याहून कामाला येणारी पोरे, कानाला मोबाइल खोचलेला वकील, सगळेच एकाएकी बस झाले. शेवटी मोटारसायकलींना पट्ट्यातून जाऊ द्यावे की नाही, याविषयी नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागविण्यात आल्या.

मी टेप घेऊन रस्त्यावर गेलो. पट्टा मोजला, उभी बस मोजली, आणि बसच्या शेजारून मोटारसायकल जाऊ लागली तर तिचा आरसा किंवा माणसाचा गुडघा यांपैकी एक शिल्लक राहील, असा नकाशा तीन प्रतींत काढून हरकत दाखल केली. तोडणकरांनी उलट अर्ज दिला : जी मोटारसायकल बसच्या मागेच राहील आणि प्रत्येक थांब्यावर बसइतकाच वेळ थांबेल, तिला पट्ट्यात मुभा असावी. असा मोटारसायकलस्वार संपूर्ण जिल्ह्यात एकच होता आणि अर्जाखाली त्याचीच सही होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. ‘‘तुमचा नकाशा मागे घ्या.’’

‘‘का?’’

‘‘मला पट्ट्याबाहेर काढलं तर मी बसच्या उजव्या अंगाला जातो. थांब्यावर मला थांबता येत नाही, मागचे हॉर्न मारतात. मग ती पुढे, मी कुठंतरी. माझं एवढंच काम आहे हो दिवसाचं.’’

‘‘तोडणकर, नकाशा खरा आहे की खोटा?’’

‘‘खरा आहे.’’

‘‘मग मागे घेता येत नाही,’’ मी म्हटले. आजही तेच म्हणेन.

सुनावणीला सभागृह भरलेले होते. बहुतेकांची हेल्मेटे मांडीवर होती, म्हणजे निदान त्या दिवशी ती त्यांनी आणली होती. तोडणकर उभे राहिले. ‘‘साहेब, पट्ट्यात शिरल्यावर मी मोटारसायकल राहत नाही. मी बस होतो. बस थांबली, मी थांबलो. बस निघाली, मी निघालो. प्रेशर सारखं राहतं.’’

लोक हसले. अधिकाऱ्यांनी मला बोलायची खूण केली. मी म्हटले, ‘‘बसमध्ये प्रवासी असतात. यांच्या मागच्या सीटवर प्रवासी कोण आहे, हे यांनी सांगावे.’’

तोडणकर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘‘ती पुढच्या बसमध्ये आहे.’’

सभागृह पुन्हा हसले. मीही हसलो. सामंत ही हकिगत सांगताना एवढा भाग वगळतात, मला बरे वाटावे म्हणून. वगळण्याचे कारण नाही. मी हसलो.

निर्णय माझ्या बाजूने लागला. पट्ट्यात मोटारसायकलींना मनाई झाली, फलक नव्याने लागले, आणि वळणावर एक हवालदार उभा राहू लागला. पहिल्या सकाळी तोडणकर पट्ट्याबाहेरून गेले. त्यांनी थांब्याशी रेंगाळायचा प्रयत्न केला, मागच्या टेम्पोवाल्याने त्यांच्या तीर्थरूपांचा उल्लेख केला, आणि दोन थांब्यांनंतर ते मागच्या काचेतून दिसेनासे झाले. वहिनी कळवा जाईपर्यंत मान वळवून मागे पाहत होत्या. मी शेजारीच दांडी धरून उभा होतो. मला जमिनी मोजता येतात. ती मान किती वेळ वळलेली होती, हे मी घड्याळात पाहिले नाही.

पुढच्या खेपेस मानपाड्याच्या थांब्यावर, बसच्या दारात, एक हेल्मेट दिसले. तोडणकर हेल्मेट डोक्यावर ठेवूनच बसमध्ये चढले होते. कंडक्टर म्हणाला, ‘‘काका, इथं नाही पडणार तुम्ही. कुठं जायचंय?’’

तोडणकरांनी खिशात हात घातला. तेवढ्यात मागच्या खिडकीपासून आवाज आला, ‘‘त्यांचं तिकीट माझ्याकडे आहे.’’

वहिनींनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. वर पाहिलेही नाही. तोडणकर येऊन त्या जागेवर बसले आणि हेल्मेट काढून त्यांनी गुडघ्यांवर धरले. पाच वर्षे एक रिकामी जागा बसमधून आणि दुसरी तिच्यामागून मोटारसायकलवरून ठाण्याला जात होती. बत्तीस वर्षे हद्दी मोजणाऱ्या माणसाला हे आधी दिसायला हवे होते.

हे मी मुद्दाम घडवून आणले, असे हल्ली सामंत सांगत फिरतात. नवराबायकोला एकत्र आणण्यासाठी म्हणे मी तो नकाशा काढला. मी असले काहीही केलेले नाही. मी पट्टा वाचविला. त्याचप्रमाणे, मी त्यांना माझी जागा दिली, हीही अफवा आहे. मला जागा नव्हतीच. मी उभा होतो, आणि दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिले नाही, हे योग्यच होते.

बस निघाली. मग तोडणकरांनी बॉयलरचा विषय काढला. तीच जुनी गळती होती. ती मी किमान चार वेळा ऐकली आहे. बस थांब्यावर थांबली की त्यांचा डावा पाय आपोआप पुढे सरकून खाली टेके आणि घंटी झाली की मागे येई. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. ऐकत होत्या की नाही, ते सांगता येत नव्हते.

काटईच्या अलीकडे तो पंप आला. तिथे बसचा थांबा नाही. बस वेगात होती. तोडणकर वाक्याच्या मध्येच थांबले आणि मान वळवून त्यांनी शेजारी पाहिले.

खिडकीबाहेरची नजर न काढता वहिनी म्हणाल्या, ‘‘आहे मी. बोला.’’